ड्रॅगन आधीच का नाही उडला?

अकोटापूल यांचा प्रश्न:

नमस्कार. मी बडोद्याची. आमच्या सोसायटीचं दर महिन्याला चार पानांचं पत्रक निघतं, दोन पानं गुजराती, दोन मराठी. मराठीतल्या अर्ध्या पानावर गेली चार वर्षं मी 'या महिन्यात काय पाहिलं' लिहिते. त्याचे पैसे मिळत नाहीत, कुणी मागेही लागत नाही, पण मी ते मन लावून लिहिते. आवडला नाही असा सिनेमा दुसऱ्यांदा पाहिल्याशिवाय त्याच्याबद्दल वाईट लिहायचं नाही, हा नेम मी आजवर मोडलेला नाही.

मेच्या सुट्टीत लेकीला (वय ७) आणि सासऱ्यांना (वय ७८) घेऊन एक ॲनिमेशनपट पाहिला. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझा प्रश्न त्या एका सिनेमापुरता नाही. डोंगरातल्या गावातली एक मुलगी, पंख मोडलेला एक ड्रॅगन, तळ्यात राहणारी एक चेटकीण, आणि एक क्षणही गप्प न बसणारी एक खार. पंख मोडलाय म्हणून ड्रॅगन आणि मुलगी सगळा प्रवास पायी करतात. शेवटी मुलगी कड्यावरून पडते आणि ड्रॅगन उडतो. पंख कधी बरा झाला, कशानं झाला, काहीच नाही. वाद्यं वाढली, सोनेरी उजेड पडला आणि स्वारी आकाशात.

परत येताना ॲक्टिव्हावर माझ्या मागे बसलेल्या लेकीनं अकोट्याच्या पुलावर विचारलं, "आई, त्याला उडता येत होतं तर तो आधीच का नाही उडला?" मी म्हटलं, तिच्यावर माया होती ना त्याची, म्हणून त्या वेळी उडला. ती म्हणाली, "माया आधी नव्हती का?"

मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्यांदा एकटी जाऊन आले, तरी सापडलं नाही. मग परीक्षणात लिहिलं, की सुरुवातीची वीस मिनिटं फार सुंदर आहेत, तळ्यावरचं सकाळचं धुकं तर डोळ्यांत साठवावं असं आहे, पण शेवट फसवा आहे. पाचपैकी दोन तारे दिले.

पत्रक वाटलं त्या रात्री सोसायटीच्या ग्रुपवर सूर एकच. "बेन, बच्चांची फिल्म आहे, त्यात काय एवढं तपासायचं?" दुसऱ्या एकांनी लिहिलं, की मुलांना मजा आली, आणखी काय पाहिजे. तिसऱ्या म्हणाल्या, तुम्ही मोठ्यांच्या नजरेनं बघता. हे शेवटचं मला लागलं. मुळात तो प्रश्न माझा नव्हताच, सात वर्षांच्या मुलीचा होता.

पण दुसरी बाजूही सांगते, नाहीतर ते खोटं होईल. त्यातली दोन गाणी मला अजिबात सहन झाली नव्हती आणि तसं मी लिहिलंही. लेक गेले तीन आठवडे तीच गाणी अंघोळ करताना म्हणते आहे. म्हणजे निदान तिथे तरी मी माझ्याच कानांनी ऐकत होते.

तर मुलांसाठी केलेला अद्भुतपट कोणत्या मापानं मोजायचा? मुलं रमली की नाही, एवढंच पाहायचं का? की सिनेमा म्हणून जसा एरवी पाहतो तसाच? मला खरंच ठरवायचं आहे, कारण पुढच्या अंकात मी या परीक्षणाबद्दल पुन्हा लिहिणार आहे.

वाघोडियारोड यांचा प्रतिसाद:

ताई, राग मानू नका. तो सिनेमा कुठला ते मला कळलं, मी दोन्ही मुलांना घेऊन गेलो होतो. वयं ५ आणि ९. माझं हार्डवेअरचं दुकान आहे, मुलांसाठी मोकळी अशी रविवारची दुपारच काय ती. खार पहिल्यांदा पाण्यात पडली तेव्हा धाकटा इतका हसला की त्याला उचकी लागली. थोरला गाडीत खारीची नक्कल करत होता आणि घरी पोचेपर्यंत दोघं भांडले नाहीत. माझ्या मुलांना एकत्र हसताना मी रोज बघत नाही.

तुमचं परीक्षण आधी वाचलं असतं तर आम्ही गेलो नसतो, आणि ती दुपार हुकली असती. ड्रॅगन कसा उडला हे मलाही कळलं नाही, पण मुलांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, म्हणून तिकडे लक्षच गेलं नाही. मुलं हसली याला दोन ताऱ्यांत जागा कुठे आहे, एवढंच विचारतो.

अकोटापूल:

भाऊ, राग कसला? उचकीचं वाचून छान वाटलं. माझ्या परीक्षणात खारीबद्दल एकच ओळ आहे आणि ती रागाची आहे, हे तुमच्यामुळे लक्षात आलं. एक सांगाल का, दुसऱ्या दिवशी मुलं सिनेमाबद्दल काही बोलली का?

वाघोडियारोड:

खारीबद्दल बोलली. ड्रॅगनबद्दल नाही.

रेघोट्या यांचा प्रतिसाद:

मी ३४ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. राहतो दांडिया बाजारात. हा सिनेमा नातवाबरोबर पाहिला आहे, त्यामुळे दोन शब्द लिहायचा अधिकार घेतो.

ॲनिमेशन ही एक रीत आहे, अद्भुत हा कथेचा एक प्रकार आहे आणि मूल हा एक प्रेक्षक आहे. या तिघांची आपण एकच गाठ मारून ठेवली आहे. चित्र हललं की ते मुलांचं, आणि मुलांचं म्हटलं की त्याला नियम नाही, असं आपण धरून चालतो.

माझ्या घरापासून कलाभवन, म्हणजे इथली जुनी कला-तंत्र शिकवणारी शाळा, चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दादासाहेब फाळके १८९० मध्ये तिथे शिकायला आले होते. पुढे सिनेमा काढायला भांडवल हवं होतं, तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, रोज थोडी थोडी फिल्म घेतली आणि अंकुराचा वेल होताना पडद्यावर दाखवला. १९१५ मध्ये त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केला, त्यात काड्या आपल्या आपण हलतात. ती फिल्म आज उरलेली नाही. काडी एक केस हलवायची, चित्र घ्यायचं, पुन्हा हलवायची. हे काम करणाऱ्याच्या मनात 'मुलांचंच तर आहे' असं आलं असतं तर दहाव्या मिनिटाला त्यानं काड्या पेटीत भरल्या असत्या.

सिनेमात सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) जातात. हातानं काढायच्या सिनेमात बहुतेक वेळा एकेक चित्र दोन चौकटी धरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. दीड तासाच्या सिनेमाची ६४,८०० होतात, तीही पडद्यावर एकाच वेळी एकच पात्र हलतंय असं धरून. आता कॉम्प्युटर आला. तरी खांदा किती वाकवायचा आणि पाय टेकल्यावर अंग किती दबायचं, हे कुणीतरी माणूसच ठरवतो. मी मुलांना शिकवायचो, की आधी वजन काढा, मग प्राणी काढा. आता ड्रॅगनकडे या मापानं बघा. मध्यंतरापर्यंत त्याचा मोडका पंख जमिनीवरून फरफटतो आणि मागे धुळीत एक रेघ उमटत जाते. फार विचार करून काढलेली रेघ आहे ती, मी मनात शाबासकी दिली होती. मध्यंतरानंतर ती रेघ नाहीशी होते. पंख तसाच लोंबतो आहे, पण धुळीवर काही उमटत नाही. करणारेच पंख विसरले, ताई. तुमच्या लेकीच्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे.

आता अद्भुताचं. माझं लहानपण एका वाड्यात गेलं, भिंतीला भिंत लागून गुजराती शेजार. चैत्रात शेजारच्या मोठ्या बायका संध्याकाळी 'ओखाहरण' वाचायच्या. ते रचणारा कवी प्रेमानंद बडोद्याचाच, सतराव्या शतकातला. आम्ही पोरं मागे चटईवर. ओखाला स्वप्नात एक राजपुत्र दिसतो. तो कोण हे कळावं म्हणून तिची सखी चित्रलेखा एकामागून एक राजपुत्रांची चित्रं काढत जाते. कृष्णाचा नातू अनिरुद्ध याचं चित्र काढल्यावर ओखा ओळखते. मग चित्रलेखा आकाशमार्गे द्वारकेला जाते आणि झोपलेल्या अनिरुद्धाला पलंगासकट उचलून आणते. मी चित्रकार व्हायचं ठरवलं ते तिथे बसून.

त्या कथेत हजार हातांचा राक्षस बाणासुर आहे, ओखाचा बाप, उडता पलंग आहे, काय वाटेल ते आहे, पण फुकट काही नाही. बाणासुराला शिवानं बळ दिलं, तर त्या बळामुळेच त्याचे हात लढायला शिवशिवू लागले. आपल्या तोडीचा कुणी द्या म्हणून त्यानंच शिवाकडे मागणं केलं, आणि आला तो कृष्ण त्याचे हात तोडायला. पुढे बसलेल्या आजीला आणि मागे बसलेल्या मला नियम एकच होता. 'माया आधी नव्हती का' हे तुमच्या लेकीनं त्याच नियमानं विचारलं आहे. तिनं विचारलं ते समीक्षकानं विचारायला हवं होतं.

आणखी एक. आम्ही इथल्या विद्यापीठात फाइन आर्ट्सला शिकत होतो तेव्हा चित्रकार के. जी. सुब्रमण्यन तिथे शिकवत. तिथल्या जत्रेसाठी, फाइन आर्ट्स फेअरसाठी, ते लाकडाची, मण्यांची, चामड्याची खेळणी करत. मुलांसाठी चित्रांची पुस्तकंही त्यांनी केली. भित्तिचित्रं करणारा हात आणि घुबडाला मण्याचे डोळे बसवणारा हात एकच. खेळण्यात हात सैल सोडलेला तुम्हाला दिसणार नाही.

तारे द्यायचे तर दोनच द्या.

बालवाडीताई यांचा प्रतिसाद:

सरांचं लिहिणं दोनदा वाचलं. तरी मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. कारेलीबागेत बालवाडी चालवते, २२ वर्षं झाली, म्हणजे माझा संबंध तीन ते सहा वर्षांच्या मुलांशी.

सर, ओखाहरण ऐकताना पुढे आजी होती. भीती वाटली तर तुम्ही तिच्या पदराशी जाऊ शकत होतात. थिएटरात खुर्ची वेगळी, अंधार, आणि आवाज चारी बाजूंनी. मूल हा प्रेक्षक वेगळा धरावाच लागतो. त्याला कमी कळतं असं मी म्हणत नाही. त्याचं शरीर लहान आहे, एवढंच माझं म्हणणं.

चेटकिणीला मुलं घाबरत नाहीत. मी दर वर्षी मुलांना कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये नेते. ममीसमोर उभी राहिली की सगळी माझी साडी धरतात. दोन मिनिटांनी एकजण विचारतो, "हिच्या चपला कुठे आहेत?" आणि साडी सुटते. बघायला वेळ मिळाला, जवळ ओळखीचं माणूस असलं, की भीतीचं कुतूहल होतं. या सिनेमाला गेलेली माझ्याकडची चार मुलं सोमवारी चेटकिणीचं चित्र काढत होती. त्यांतली दोघं रडली होती ती कुठे? मुलीची आई मागे वळून न बघता दाराबाहेर जाते तिथे. तो प्रसंग चार सेकंदांचा असेल. मोठ्यांपैकी कुणाच्या लक्षातही राहिला नाही. पुढे आई परत येते, पण ते एका वाक्यात उरकलं आहे. मुलांच्या सिनेमात हा दोष मी ड्रॅगनच्या उडण्यापेक्षा मोठा धरीन.

भाषेचंही बघा. आमच्याकडच्या मुलांच्या घरी मराठी, ओट्यावर गुजराती. हिंदी अजून कानात पुरतं बसलेलं नसतं. हिंदीत डब केलेली खार मुंबईच्या टपोरी बोलीत बोलते, त्यातले विनोद आईबापांसाठी आहेत. थिएटरात नुसतं ऐका, हसू कुठल्या उंचीवरून येतं. खार बोलली की मोठे हसतात, पडली की मुलं हसतात. वाघोडियारोडच्या भाऊंच्या धाकट्याला उचकी लागली ती पडण्यावर. म्हणजे खारीचं पडणं ज्यानं केलं त्याला मुलं ठाऊक आहेत, आणि बोलणं ज्यानं लिहिलं त्याला नाहीत. हे परीक्षणात लिहिता येईल की, ताई.

पालक मला सेन्सॉरचं सर्टिफिकेट दाखवतात, "यू आहे, म्हणजे मुलांचाच." यू म्हणजे सगळ्यांना बघायला मोकळा, एवढाच अर्थ. २०२४ च्या नियमांपासून यूए, म्हणजे पालकांच्या देखरेखीखाली बघायच्या वर्गा, मध्ये ७, १३ आणि १६ वर्षं अशा पायऱ्या आल्या आहेत, त्यांचा पालकांना खरंच उपयोग होतो. पण सिनेमा कुणासाठी केला आहे आणि कसा केला आहे, हे त्यावरून कळत नाही. ते तुमच्यासारख्यांनीच सांगायचं.

फ्रेमबायफ्रेम यांचा प्रतिसाद:

मी विसाव्या वर्षात आहे, ॲनिमेशन शिकतो. घरी अजूनही 'कार्टूनचा कोर्स' म्हणतात, तेव्हा सरांचा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला.

चित्रांचा म्हणजे मुलांचा, या समजुतीनं काय होतं ते आमच्याच घरात झालं. काकूनं माझ्या पाच वर्षांच्या चुलत बहिणीला जेवताना 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' लावून दिला. चित्रं गोड दिसली, म्हणून. युद्धात पोरकी झालेली दोन भावंडं आणि त्यांची उपासमार. बहिणीनं ताट बाजूला सारलं आणि नंतर कित्येक दिवस जेवताना माझ्या ताटात किती आहे ते बघायची. फार ग्रेट सिनेमा आहे तो, पण तिच्यासाठी नव्हता. गंमत अशी, की १६ एप्रिल १९८८ ला जपानमध्ये तो आणि 'माय नेबर तोतोरो' एकाच दिवशी, एकाच स्टुडिओचे, जोडीनं लागले होते. तोतोरोमध्येही आई आजारी आहे, दवाखान्यात आहे. त्यातली धाकटी मुलगी चार वर्षांची आहे आणि तिला वाटणारी भीती कुठेही उरकून टाकलेली नाही. बालवाडीताई म्हणतात तो दाराबाहेर जाण्याचा प्रसंग तिथे असता तर त्याला दहा मिनिटं मिळाली असती.

ताई, वय लिहा. तारे दिले नाहीत तरी चालेल, पण कितव्या वर्षापासून आणि का, हे नक्की लिहा.

अकोटापूल:

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवस उत्तर दिलं नाही, कारण लिहून खोडत होते.

पुढच्या अंकाचं अर्धं पान तयार आहे. तारे काढून टाकले. मूळ मत तसंच ठेवलंय, शेवट फसवाच आहे. पण आता त्यात सरांनी दाखवलेली धुळीतली रेघ आहे, ती पाहायला मी तिसऱ्यांदा गेले आणि ती खरंच मध्यंतरानंतर दिसत नाही. खारीला स्वतंत्र परिच्छेद दिला आहे, पडण्याची स्तुती आणि बोलण्यावर टीका. उचकीचंही लिहिलं आहे, वाघोडियारोडच्या भाऊंची परवानगी गृहीत धरून. नको असेल तर गुरुवारच्या आत कळवा, छापायला त्या दिवशी जातं. गाण्यांवरची माझी ओळ काढली. आई दाराबाहेर जाते त्या प्रसंगाबद्दल लिहिलं आहे, की पाच वर्षांखालचं मूल असेल तर तेव्हा त्याचा हात धरा, आणि आई परत येते हे आधीच सांगून ठेवलंत तरी चालेल. बोली हिंदी आहे, घरी आधी गोष्ट मराठीत सांगून न्या, हेही आहे.

सासऱ्यांना विचारलं, तुम्हाला कसा वाटला? २०२५ च्या जानेवारीत जपान आणि भारतानं मिळून केलेला तो जुना रामायणाचा ॲनिमेशनपट पुन्हा थिएटरात लागला होता, तेव्हा ते हात जोडून बसले होते. मुलांचं आहे असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. या वेळी म्हणाले, "धुकं छान होतं. मग मी झोपलो."

आणि सर, हे मुद्दाम तुमच्यासाठी. तुमचा प्रतिसाद मी लेकीला वाचून दाखवलेला नाही. काल तिला म्हटलं, तुला शेवट कसा हवा होता तो काढ. तिनं आडवा कागद घेतला. उजवीकडे कडा आहे, मुलगी लोंबकळते आहे आणि ड्रॅगननं शेपटी खाली सोडली आहे, उडलेला नाही. पंख काळ्या खडूनं गिरवून गिरवून जड केलाय. कागदाच्या डाव्या टोकापासून कड्यापर्यंत जमिनीवर तपकिरी रेघ आहे, कुठेही न तुटलेली. मी विचारलं, ही वाट आहे का? म्हणाली, "नाही, पंख घासलाय तो."

ते चित्र अर्ध्या पानाच्या वरच्या भागात छापते आहे. मजकूर तेवढा कमी केला.